बेटावरच्या मास्तराची कानपिळी

...न्हाई, तुमी मलाच येडं म्हना, पर मास्तर टिकला पाह्यजे का न्हाई? तुमाला सांगतो, आमचं गाव शहागडच्या खाली, गोदावरीच्या मधोमध बेटावर. ना होडी, ना पूल! यायचं तर गूळ शिजवायच्या काहिलीत बसून, आन ती काहील सरळ जाती का? गिरक्या घेती, गिरक्या! मास्तर तिकडून बसतो तवा सरकारचा नोकर असतो, हिकडं उतरतो तवा दोन्ही हातांनी जमीन धरून 'माय गं!' करतो, आन परतीच्या काहिलीत गपचिप जाऊन बसतो. कैक आले, कैक गेले! मंग शाळा तपासणारे तालीमवाले साहेब पल्याडच्या काठावरूनच माह्यावर, गावच्या पाटलावर, वरडले, 'पटेल! मुदर्रिस नहीं टिकता तो मदरसा बंद!' मास्तर न्हाई तर शाळाच बंद? आन आमच्या पोरांनी माह्यासारखे आंगठेच उठवायचे का जन्मभर?

तेवढ्यात आले मच्छिंद्र मास्तर. जाफराबादकडले, बिनलग्नाचे, काहिलीतून उतरून ताठ उभे! पोरगं चुकलं की धर कान, पीळ कान. पाढ्यांनी बेट दुमदुमून राह्यलं! आमच्या भावकीतला कडूबा म्हने, 'पाटील, ह्यांना सोडू नका, तुमच्या पोरीशी, द्वारकीशी लगीन लावा. बायकोचं माहेर सोडून मानूस जाईल कुठं?' मला पटलं. मास्तर टिकला पाह्यजे का न्हाई? द्वारकीला इचारलं, तर ती पाठ फिरवून हसाया लागली. म्हंजे राजीच.

लगीन लागलं, आन आली कानपिळी. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवानं त्याला टोपी द्यायची, रीतच हाय. पर आमचं आख्खं बेट एका भावकीचं हो! शाळंतलं हरेक पोरगं द्वारकीचा भाऊ! समदी शाळा बाह्या सारून रांगंत उभी! मास्तर म्हनत्यात, 'अरे हळू...' पिळला! 'अरे, तू तर परवा गैरहजर...' पिळला! 'अरे बस...' पिळला!

मंग शाळा भरली. मास्तरांनी एकाच्या कानाला हात घातला, त्यानं 'काय दाजी?' म्हनून त्यांच्या कानाला घातला! आता आधी सोडतो कोन? दोघं बी तसेच उभे! आन मी सासरा. जावयाला 'जरा शिकवा' कोन्या तोंडानं म्हनू? तो तर समद्या गावाचा जावई! आज ह्या घरी पुरनपोळी, उद्या त्या घरी शेवया. मास्तर घोरून राह्यले, पोरं डोहात डुंबून राह्यली, आन मी शाळंच्या दाराशी खोकून राह्यलो... नुसता खोकून! मास्तर टिकला हो, बिलकुल टिकला... पर शाळा?

शेवटी त्यांनाच लाज वाटली, बदली मागून गेले. जाताना बराबर द्वारकीला घेऊन गेले! काठावर लई रडलो. मास्तरासाठी का पोरीसाठी, मलाच कळंना.

आन आता ऐका! जिथं कोनी येत नव्हतं, तिथं तालुक्यातले समदे बिनलग्नाचे मास्तर बदली मागून राह्यले! काल एक आला बी. शाळा कुनीकडं, इचारलं न्हाई. पोरं किती, इचारलं न्हाई. टोपी नीट केली आन म्हनतो, 'रामराम मंडळी! इथं माझे सासरे कोण?'

कडूबाला पोरी तीन, तो कवाच उसात शिरल्ता. राह्यलो मी, आन माही धाकली लेक. मास्तर टिकला पाह्यजे का न्हाई?... म्हनलं, 'मीच. या, बसा.'