तिसऱ्या पिस्टनवरची माती

माझं माहेर कशेळ्याच्या अलीकडं, बाप भिवपुरीच्या पॉवरहाऊसात मशिनींना तेल द्यायचा, आनि लगीन होऊन आले ती खालापूरला, नवऱ्याच्या ग्यारेजात. काय सांगू तुमाला, चुलीपेक्षा ग्यारेजातच जास्त दिवस गेले. नवऱ्याची नजर अधू झाली तसं इंजिनाच्या आतलं मोजमाप माझ्या हातात आलं.

ही गाडी रूपालीची, माझ्या पोरीची. घाटातल्या रेसला जाते ती. गेल्या साली चढावर व्हॉल्व, म्हंजे हवेची झडप, पिस्टनवर आपटला, इंजिन जाम झालं, गाडी कठड्यावर गेली. पोरगी वाचली. तवाच ठरवलं, हिचं इंजिन आता मीच बांधनार.

आमचं कसं, पिस्टनच्या डोक्यावर पोरांची खेळायची माती लावायची, व्हॉल्वला तेलाचं बोट फिरवायचं, वरून हेड, म्हंजे इंजिनाचं वरचं झाकन, आवळायचं आनि इंजिन हातानं सावकाश फिरवायचं. मग हेड उचलायचं. व्हॉल्व जवळ येतो तिथं माती दबलेली असते, ती कापून जाडी मोजायची. तेवढीच दोघांमधली जागा.

पहिल्या पिस्टनची माती चांगली जाड निघाली. नवरा म्हनला, झालं गं, शितावरून भाताची परीक्षा, बांधून टाक. रूपाली म्हनली, आये, रविवारी रेस हाय, तू काय पुरनपोळ्या लाटतेस? मी म्हनलं, अवो, भात एका टोपात शिजतो, हे पिस्टन एका खोक्यातले तरी हायत का? तीन मुंबईचे, एक पनवेलच्या दुकानातला, आनि कुठला कुठं बसवला ते कुनालाच आठवंना.

दोघं चिडली. चिडू दे. परत माती, परत हेड, परत आवळलं, परत फिरवलं. दुसरा बरा. तिसऱ्याची माती पापडागत, मागनं उजेड दिसंल अशी. त्या पिस्टनवरची व्हॉल्वसाठीची खाच उथळ होती. थंड इंजिनात कळलं नसतं. तापून जोरात पळालं की लागला असता, ते बी चढावरच.

नवऱ्यानं ती माती बोटावर घेतली, डोळ्याजवळ नेली, आनि पाना आनला.

जोडीचा पिस्टन येईस्तोवर रेस चुकली. रूपाली उंबऱ्यावर बसून रडली. मी म्हनलं, रड गं, रडायला घरी हायस.

आता इंजिन बांधून झालंय. ह्या खेपेला चारी पिस्टनवर माती तिनंच लावली, मी नुसती उभी होते. पुढल्या रेसला नाव दिलंय. जिंकनं-हरनं तिचं. आत कुनी कुनाला लागत नाय, तेवढं माझं. जा गं बाय, पळव.