आवारात आणलेलं मत

(वेस्टमिन्स्टर. दुपारची वेळ. संसदेच्या आतल्या अंगणात एक रुग्णवाहिका उभी आहे. आत स्ट्रेचरवर खासदार क्लेम अ‍ॅक्रॉइड, शेजारी त्याची बायको डोरीन, पायाशी त्याच्याच पक्षाचे प्रतोद पिअर्स लँगडन.)

डोरीन : फाटकाशी गाडी थांबवून ते मागचं दार कशाला उघडलंत, ते सांगा मला आधी.

पिअर्स : पोलिसांना आत बघावं लागतं, मिसेस अ‍ॅक्रॉइड. नियम आहे.

डोरीन : पोलीस लांब उभा होता. नाक खुपसून उभा होता तो फोटोवाला. आणि तुम्ही याला म्हणता, "क्लेम, जरा हात हलवा."

क्लेम : हलवला की मी. हात तेवढा हलतोय अजून.

डोरीन : तू गप्प पड. दम लागतोय तुला. आणि हॉस्पिटलची चादर काढून हे ब्लँकेट वर कुणी घातलं?

पिअर्स : मीच. चादर जरा... उदास दिसत होती. या ब्लँकेटचे रंग छान आहेत.

क्लेम : छान असणारच. हेझलनं विणलंय. माझी मेहुणी. पोरगा झोपला की बसते विणत. दिवसा त्याला उचला, धुवा, भरवा. तीस वर्षांचा घोडा झालाय रॉबी. मोटरसायकलवरून पडला तेव्हापासून मानेखाली सगळं गेलं. तुला सांगितलंय ना मी, पिअर्स?

पिअर्स : सांगितलंय. बऱ्याचदा.

क्लेम : मग परत ऐक. शाळेच्या खानावळीतली नोकरी सोडून बसलीय ती. देखभालीचा भत्ता येतो, त्यावर चूल पेटते. तोच भत्ता तुमचं हे विधेयक कापणार होतं. म्हणून मी म्हणालो होतो, मत देणार तर विरोधात देणार. मरायच्या आधी एकदा तरी मनासारखं.

पिअर्स : आणि म्हणूनच तर मंत्रीबाई स्वतः थॉर्नबेकला तुमच्या घरी आल्या.

डोरीन : आल्या होत्या खऱ्या. माझ्या हातचा आल्याचा केक दोनदा मागून खाल्ला. फेनेला स्ट्रोड, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या माझ्या स्वयंपाकघरात. "ज्यांना आज भत्ता मिळतोय त्यांची एक पेनीही कापली जाणार नाही. वरच्या सभागृहात पुढच्या आठवड्यात दुरुस्ती आणते. माझा शब्द."

क्लेम : बरोबरचा तो सल्लागार, निनियन, त्यानं मसुदासुद्धा वाचून दाखवला. हुशार पोरगा. बूट चिखलानं भरले म्हणून दारातच काढून ठेवले त्यानं. त्या बुटांवर विश्वास ठेवला मी.

पिअर्स : योग्यच केलंत.

क्लेम : तर मग झालं. मतदानाची घंटा कधी वाजतेय?

पिअर्स : होईलच आता. शेवटचं भाषण चाललंय. तुम्ही पडून राहा. तुम्हाला काही करायचं नाही. आजारी सभासद आवारात आला की त्याला मत द्यायला लॉबीत चालत जावं लागत नाही. दोन्ही बाजूंचे प्रतोद येऊन बघून जातात, माणूस जिवंत आहे ना एवढंच. मग आम्ही त्याचं नाव सांगतो.

क्लेम : मला शिकवतोस होय! एकोणीस वर्षं आहे मी इथं. मुडद्यासारखे दिसणारे लोक आणलेले पाहिलेत मी या अंगणात. फक्त स्ट्रेचरवर आडवा होऊन कधी पाहिलं नव्हतं. इथून घड्याळाचा मनोरासुद्धा दिसत नाही. नुसतं गाडीचं छप्पर.

डोरीन : मी फोन सुरू करते. हेझलनं दहा वेळा केला असेल.

पिअर्स : मिसेस अ‍ॅक्रॉइड, मघाशी म्हणालो ना, आवारात फोन बंद...

डोरीन : मग तुमचा कसा सारखा गुरगुरतोय खिशात?

पिअर्स : माझं कामच ते आहे.

डोरीन : माझी बहीण हे माझं काम आहे. आणि हो, त्या ड्रायव्हरचा रेडिओसुद्धा तुम्हीच बंद करायला लावलात. क्लेमला त्रास होतो म्हणून. खासदार व्हायच्या आधी तीस वर्षं बस चालवली यानं, रेडिओ लावून. कधी त्रास झाला नाही तो.

क्लेम : अगं, जाऊ दे ना. मोराग येऊन गेली, तेवढंच बरं वाटलं. विरोधी पक्षाची असली तरी माणूस आहे ती. दार उघडून विचारते, "कसा आहेस रे, म्हाताऱ्या?" म्हटलं, "जिवंत आहे, बाई."

डोरीन : हो, आणि लगेच गेली. पाच मिनिटं बसलीसुद्धा नाही... थांब. फोनवर हे काय आलंय?

क्लेम : काय?

डोरीन : स्ट्रोडबाई गेल्या.

क्लेम : कुठे गेल्या?

डोरीन : घरी गेल्या! राजीनामा दिला. दुपारी बारा वाजता. हे बघ, दारातून बाहेर पडतानाचा फोटो. ते इटलीतलं फुकटचं घर, दहा दिवस पेपरवाले ज्याच्यामागे हात धुऊन लागले होते, तेच. शेवटी बळी घेतलाच.

क्लेम : पिअर्स.

पिअर्स : हो. म्हणजे, हे थोडं अचानक...

क्लेम : बारा वाजता गेली ती. आपण सर्व्हिस स्टेशनवर चहाला थांबलो तेव्हा एक वाजला होता. तू चॉकलेट आणून दिलंस मला. तेव्हा तुला ठाऊक होतं?

पिअर्स : क्लेम, सरकार एका माणसावर चालत नाही. नवा मंत्री येईल. तो शब्द पाळेल.

डोरीन : कोण येणार?

पिअर्स : अजून ठरायचंय.

डोरीन : म्हणजे ज्याचं नावच माहीत नाही, तो शब्द पाळणार! वा!

क्लेम : आणि निनियन? मसुदा त्याच्याकडे आहे.

पिअर्स : मंत्री गेले की त्यांचे सल्लागारही त्याच तासाला जातात. तुम्हाला माहीतच आहे. पासही जमा करून घेतात.

क्लेम : मग मसुदा कुणाकडे आहे आता?

पिअर्स : ते... बघावं लागेल.

क्लेम : अरे बोल ना. गाडीत बसल्यापासून तोंड चाललंय तुझं, आताच का अडखळतोस?

पिअर्स : कुणाकडेच नाही. तो खात्याचा कागद नव्हता. खात्यातल्या अधिकाऱ्यांना त्यातलं काही माहीत नाही. डाउनिंग स्ट्रीटला, पंतप्रधानांच्या कचेरीत नव्या आलेल्या बाईंना विचारलं मी मघाशी फोनवर. त्या म्हणाल्या, असला शब्द कुणी कुणाला दिलेला नाही.

डोरीन : माझ्या स्वयंपाकघरात दिला की! मी होते तिथे!

पिअर्स : तुम्ही सभागृहाच्या सभासद नाही, मिसेस अ‍ॅक्रॉइड.

डोरीन : तोंडाला पानं पुसलीत, आणि वर मला कायदा सांगता?

क्लेम : डोरीन, बस. ओरडू नकोस. हे बघ पिअर्स, सोपं आहे. मी नाही. मला मोजू नका. त्यांची प्रतोद मोरागच आहे ना, येऊ दे तिला, तिच्या तोंडावर सांगतो, क्लेम अ‍ॅक्रॉइड या मतात नाही.

पिअर्स : मोराग येऊन गेली.

क्लेम : ती तर माझी विचारपूस करायला आली होती.

पिअर्स : ती बघायला आली होती, क्लेम.

क्लेम : घंटेआधी?

पिअर्स : हल्ली आधीच बघून घेतात. ऐन वेळी धावपळ नको म्हणून. तिनं तुम्हाला पाहिलं, तुम्ही बोललात. तिनं मला खूण केली. मी नाव कळवलं.

क्लेम : कोणत्या बाजूला?

पिअर्स : तुमचा प्रतोद मी आहे. दुसऱ्या कोणत्या बाजूला कळवणार?

डोरीन : अरे देवा. म्हाताऱ्यानं प्रेमानं "जिवंत आहे" म्हटलं, तर तेवढ्यावर हेझलचा भत्ता कापलात तुम्ही?

पिअर्स : मोरागला वाटलं, तुम्ही राजीखुशीनं आलात. दोष तिचा नाही.

क्लेम : तिचा कशाला असेल. माझ्या अकलेचा आहे. एकोणीस वर्षं! आणि बाई दारातून डोकावली तर मला वाटतं, जुनी ओळख आहे म्हणून आली.

डोरीन : ही घंटाच ना?

पिअर्स : हो. आठ मिनिटं. मग दारं बंद.

क्लेम : मोडता येतं ते. स्वतः जाऊन नकाराच्या लॉबीतून गेलो तर माझं मत दोन्हीकडे पडतं आणि रद्द होतं. येतं की नाही?

पिअर्स : येतं. पण स्वतःच्या पायांनी किंवा खुर्चीवर, स्वतः.

क्लेम : खुर्ची काढ.

पिअर्स : उतरवायचा रॅम्प ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार, त्या दोघांच्या ताब्यात आहे. चावी त्यांच्या पट्ट्याला.

डोरीन : आणि ते दोघं कुठे आहेत?

पिअर्स : चहाला गेलेत.

डोरीन : कुणी पाठवलं त्यांना?

पिअर्स : पहाटेपासून गाडी चालवत होते, मिसेस अ‍ॅक्रॉइड. मीच म्हटलं, खाऊन घ्या काहीतरी.

डोरीन : किती कनवाळू तुम्ही! चादर बदलता, चहा पाजता!

क्लेम : डोरीन, हात दे.

डोरीन : क्लेम, नको.

क्लेम : हात दे म्हणतोय ना. पाय खाली सोड माझे. हं. ते ब्लँकेट काढ. पायात येतंय.

डोरीन : ती नळी ताणली जातेय.

क्लेम : ताणू दे. पिअर्स, तू दुसऱ्या बाजूनं धर. एवढं तरी कर.

पिअर्स : मला नाही करता येणार.

क्लेम : का? हात मोडलेत?

पिअर्स : गेल्या आठवड्यात आम्हा प्रतोदांतल्या दोघांना काढलं. मतं फुटली म्हणून. मला सांगितलंय, तिसरा तू. घरी दोन पोरं आहेत माझी, क्लेम.

डोरीन : रॉबीसुद्धा कुणाचा तरी पोरगाच आहे!

क्लेम : भांडू नकोस, डोरीन, वेळ जातोय. मला दारापर्यंत ने. नुसत्या दारापर्यंत. तिथून बसत बसत...

डोरीन : पाय थरथरतायत तुझे. ओठ बघ कसे झालेत. क्लेम! क्लेम, बस खाली. बस! अहो, धरा ना त्याला, माणूस आहात की कोण?

पिअर्स : धरलं. धरलंय मी. हळू. मान खाली. श्वास घ्या.

क्लेम : सोड... मला.

डोरीन : नाही सोडत. इथं पडलास तर मी काय करू? एकटी परत जाऊ थॉर्नबेकला, या गाडीतून? पड. मी सांगते म्हणून पड. एकदा तरी माझं ऐक.

क्लेम : घंटा...

डोरीन : वाजतेय. वाजू दे.

क्लेम : थांबली.

डोरीन : हो. थांबली.

पिअर्स : पाणी देऊ?

डोरीन : तुम्ही त्याच्याजवळ येऊ नका आता. तिकडे दाराशी उभे राहा.

क्लेम : पुन्हा गुरगुरला तुझा फोन. निकाल असेल. वाच.

पिअर्स : नंतर सांगतो. तुम्ही आराम करा.

क्लेम : वाच म्हटलं ना.

पिअर्स : मंजूर झालं.

क्लेम : एका मतानं?

पिअर्स : चौतीस.

क्लेम : चौतीस मतांनी?

पिअर्स : हो.

क्लेम : मला म्हणालास, एकेका मताचा सवाल आहे. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना म्हणालास, सरकार पडेल. त्या नको म्हणत होत्या, तरी त्यांच्याकडून सही घेतलीस.

पिअर्स : सकाळपर्यंत तसंच होतं. मग बंडखोरांतले बरेच जण परत आले. कुणाला पद मिळालं, कुणाला मिळणार आहे. स्ट्रोडबाईंची जागा रिकामी झाली ना.

क्लेम : म्हणजे मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवता आलं असतं. चॉकलेट दिलंस तिथून.

पिअर्स : माझ्या हातात नव्हतं.

क्लेम : मग कशाला आणलं मला? अरे, मत नको होतं तर कशाला आणलं?

डोरीन : फोटोला. हे बघ, आलाच. तुझा हात वर, आणि खाली लिहिलंय, "मृत्यूशी झुंजतानाही सरकारच्या पाठीशी." दोन आठवडे पेपरवाले ओरडत होते ना, हे सरकार आजाऱ्यांच्या जिवावर उठलंय म्हणून. मग त्यांना आजारी माणूसच दाखवला. हात हलवणारा.

क्लेम : खरं आहे का हे?

पिअर्स : कल्पना माझी नव्हती.

क्लेम : कल्पना तुझी नव्हती. ब्लँकेट तू घातलंस.

पिअर्स : हो.

क्लेम : जा आता. त्या दोघांना चहावरून उठव. घरी जायचंय मला.

पिअर्स : क्लेम, मला खरंच वाईट...

डोरीन : जा म्हणाला ना तो.

क्लेम : आणि ते दार लावून घे जाताना.

डोरीन : गेला एकदाचा. थंडी वाजतेय का? ब्लँकेट घालू परत?

क्लेम : नको. ते नको. चादर घाल.

डोरीन : फोन वाजतोय. हेझलचा.

क्लेम : उचल.

डोरीन : काय सांगू तिला?

क्लेम : आधी उचल तर.

डोरीन : हॅलो, हेझल? हो, पोचलो. हो, बरा आहे. पडलाय. काय? हो, पाहिला आम्हीही... कुणाला दाखवलास? बरं. बरं गं. ऐकतेय मी. थांब जरा.

क्लेम : काय म्हणते?

डोरीन : फोटो पाहिलाय तिनं. वरचं फक्त, खालचं वाचलेलं नाही. ब्लँकेट ओळखलं लगेच. रॉबीच्या डोळ्यांसमोर धरून दाखवलं म्हणे. रडतेय ती, क्लेम. म्हणते, एवढा आजारी असून तो आमच्यासाठी भांडायला गेला.

क्लेम : खालचंही वाचेल ती आता.

डोरीन : मी ठेवू का फोन? दम लागलाय म्हणून सांगते. घरी गेल्यावर बघू.

क्लेम : नको. दे इकडे. मीच सांगतो तिला.