हाजीमागे ओतलेली वाटी

बाकूच्या त्या गल्लीत नळाची रांग हलेना, तेव्हा रैहान घागर टेकवून बसली. तिच्या पुढे म्हातारी गुलसुम खाला आणि शेजारीण झीवर बोलत होत्या.

“हा नळ त्या खनिज तेलाच्या विहिरींवाल्या हाजी मुर्सलनंच आणला ना, खाला?”

“मग काय तुझ्या आजोबांनी? डोंगरातलं पाणी शहरात आणलं, मुलींची शाळा बांधली. स्वतः मात्र अंगठेबहाद्दर!”

“आणि नव्या सरकारनं हवेलीतून हाकललं, तेव्हा त्याच्यामागे कुणी वाटीभर पाणी टाकलं नाही म्हणे.”

“टाकलं की, माझ्या सासूनं! पाणी टाकलं नाही तर गेलेला माणूस परत कसा येणार? सगळी गल्ली दारं लावून बसली, ही एकटी वाटी घेऊन धावली.”

“तरी आला नाहीच.”

“कसा येईल? घाईत हिनं दिव्याच्या रॉकेलची वाटी उचलली!”

“अगं बाई! मग?”

“वास आला तसा तो वळला. खाली वाकला, ओल्या मातीला बोट लावून डोळे मिटून हुंगत राहिला. म्हणाला, ‘लेकी, हे माझ्याच विहिरीचं.’ आणि हसत हसत गेला.”

“बिचारी सासू!”

“जन्मभर हळहळली. मरताना म्हणाली, ‘गुलसुम, माझ्यामागे तरी नीट बघून पाणी टाक गं.’”

“मग टाकलंत?”

“रॉकेलच टाकलं. म्हटलं, वाटेत हाजी भेटला, तर वासावरून ओळखेल तरी.”