जावेचं रक्त

(प्रसूतिगृहातली तपासणीची खोली.)

उर्मिलाबाई : कार्डावर नाव लक्ष्मी गुणाजी. पण मागच्या सोमवारी या कार्डावर मी जिचं रक्त घेतलं, तिच्या हनुवटीवर गोंदण होतं. तुझ्या नाही.

लक्ष्मी : पुसलं गेलं, बाई.

उर्मिलाबाई : गोंदण पुसतं का गं?

लक्ष्मी : ...मोठ्या जाऊबाई आल्या होत्या.

मीराबाई : तिच्यावर डाफरू नका, नर्सबाई. सासू आहे मी तिची. मीच पाठवलं थोरल्या दुर्गाला. पाचव्या महिन्यातल्या बाईचं रक्त काढतात होय? गर्भ वाळतो. दुर्गा धट्टीकट्टी, तिचं घ्या हवं तेवढं.

उर्मिलाबाई : अहो मावशी, मला रक्त साठवायचं नाही. लक्ष्मीच्या अंगात काय आहे ते बघायचंय. दुर्गाचं रक्त दुर्गाचंच सांगणार ना? ते चांगलं निघालं म्हणून मी हिला घरी पाठवत होते! लक्ष्मी, आधीची दोन कशी गेली?

लक्ष्मी : पहिलं सातव्यात. मेलेलंच जन्मलं. दुसरा नऊ दिवस होता. अंगभर फोड... तळहात सोलून निघालेले.

मीराबाई : गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलंय आम्ही.

उर्मिलाबाई : घाला की. त्याच्या आड मी येत नाही. पण आईच्या रक्तात गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस असला, की तो पोटातल्या बाळाला लागतो. आईला पत्ताही नसतो. आता पेनिसिलीन आलंय. वेळेत सुया घेतल्या तर बाळ बहुतेक वाचतं. नवव्यात आलीस तर मी काय करू?

मीराबाई : गरमी? माझ्या घरात? माझ्या गुणाजीवर आळ घेता?

उर्मिलाबाई : कुणाकडून आला ते मी विचारतच नाही. निघालाच, तर नवराबायको दोघांनी सुया घ्यायच्या. नाहीतर हिला पुन्हा लागेल. ही नळी बघा. पाणी भरते. इथपर्यंत. एवढंच रक्त लागतं.

मीराबाई : एवढंच? बोंबील साफ करताना माझं याहून जास्त जातं गो!

लक्ष्मी : आई, मी देते. तिसरं मला घालवायचं नाही.

मीराबाई : ...घ्या. पण तिचा हात मी धरणार.

(तीन आठवड्यांनी, त्याच खोलीत.)

उर्मिलाबाई : रक्तात गरमी निघाली तेव्हापासूनची ही दहावी, शेवटची सुई. सुटलीस. गुणाजी कुठाय?

लक्ष्मी : बाहेर बाकावर, डोकं धरून. त्यांचीही शेवटची झाली.

मीराबाई : संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्ल्या, पंधरा दिवस तुरुंगात काढले, हूं केलं नाही. आणि सुई बघितली की घेरी!

उर्मिलाबाई : पण एक दिवस चुकला नाही हो. मोर्चाच्या दिवशीसुद्धा आधी इथे आला. आता दर महिन्याला रक्त तपासायचं. लक्ष्मीचं. दुर्गाचं नव्हे!

लक्ष्मी : सकाळपासून लाथा मारतंय, बाई. आधीची दोघं एवढी हलत नव्हती.

उर्मिलाबाई : मारू दे. जन्मल्यावर त्याचंही रक्त बघू.

मीराबाई : नर्सबाई, तुम्हाला मुलं किती?

उर्मिलाबाई : तीन.

मीराबाई : तिन्ही धडधाकट?

उर्मिलाबाई : घर डोक्यावर घेतात.

मीराबाई : मग तुमचं लुगडं बाळाला लाभेल. एखादं जुनं, मऊ झालेलं द्या. दुपटी शिवायला बसते.