फाट्यावर चढले म्हणून सांगितलं

मी चाकूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. गावाचं नाव नगा लिहू. गाव काय वाईट न्हाई, चार माणसं वाईट व्हती आन तीबी आता मेली. माहेर माझं निलंग्याकडचं, बाप सालगडी व्हता, पर त्यानं धम्म घेतला तवा घरातले देव टोपल्यात घातले आन नदीला सोडून आला, आई दोन दिस जेवली न्हाई, रडत राहिली, आन तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणली, देव गेले तर गेले, आता पोरीला तरी साळंत घाला. म्हणून मी चौथी शिकले. काय सांगू तुम्हाला, त्या चौथीचा मला लई गुमान व्हता. सासरी आमच्या वस्तीत एकाबी बाईला वाचता येत न्हवतं, कुणाचं कार्ड आलं की माझ्याकडं, औषधाची बाटली माझ्याकडं, आन मी पदर खोचून मास्तरणीवाणी वाचायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्ही म्हणसाल की बाई अडाणी व्हती, फसली. मी अडाणी न्हवते.

नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा, काविळीनं गेला. दोन पोरी, थोरली सात वर्षाची आन धाकटी मांडीवर. सासू व्हती, ती पोरी बघायची. आन त्यातच तो दुष्काळ. पाऊस दोन साल आमच्याकडं फिरकलाच न्हाई, जनावरं लोकांनी बाजारात सोडून दिली, आमी बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिथं हजेरीचा मुकादम नावं वाचताना अडखळायचा, एक दिवस मीच त्याच्या हातातला कागद घेऊन घडाघडा वाचला. तिथं एक साहेब उभा व्हता, चांगला माणूस, तो म्हणला, बाई, लातूर आता जिल्हा झाला हाय, मोठं हापीस आलं हाय, तिथं पाणी भरायला बाई पाहिजे, येती का. मी म्हणलं, येते.

लातूर जिल्हा झाला तवाची मजा तुम्हाला काय सांगावी. आधी एक दाखला काढायचा तर उस्मानाबादला जावं लागायचं, दोन दिस मोडायचे. आता सगळं लातुरातच. जिकडं बघावं तिकडं बांधकाम, विटांचे ढीग, नवे साहेब, नव्या जीपा, नवे पोलीस. गावाकडं प्यायला पाणी न्हाई आन हिकडं भिंतींना पाणी मारायलेत, हे मी रोज डोळ्यांनी बघायची. आमच्या हापिसाला नळ न्हवता, मी मागच्या आडाचं पाणी शेंदून पाच रांजण भरायची आन साहेब लोकांना तांब्या-पेला न्यायची. दोन कारकून व्हते, ते घरनं सुरई आणायचे. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत न्हवतं, तोंडानं कवा म्हणले न्हाईत, म्हणायचे, आमाला वाळ्याचं पाणी लागतं. लागू द्या. मी रोजंदारीवर व्हते, कायम व्हायचं व्हतं, मी कशाला बोलते.

आता हे कायम व्हणं म्हणजे काय, ते ध्यानात घ्या, सगळं तिथंच अडकलंय. मोठा कारकून म्हणला व्हता, शेवंताबाई, हजेरीत लाल रेघ पडू देऊ नका, तक्रार येऊ देऊ नका, नाव वर पाठवतो. दहाच्या आत सही पाहिजे. आन आमच्या फाट्यावर सकाळची एकच यष्टी, ती उदगीरकडनंच भरून यायची, कंडक्टर दुरूनच हात हलवायचा. महिन्याभरात माझ्या दोन लाल रेघा पडल्या. तिसरी पडली की खेळ खलास.

तवाच गावाला टँकर चालू झाला. ड्रायवर उदगीरचा, शेख रहीम, आमी सगळे रहीमभाई म्हणायचो. पाच पोरांचा बाप, दाढी निम्मी पिकलेली, बोलणं कमी. तो लातूरजवळ टँकर भरायचा, आमच्या गावच्या हिरीत सोडायचा आन रिकामी गाडी घेऊन परत लातूरला. एक दिवस मी फाट्याकडं पळत निघाले, त्यानं गाडी थांबवली, म्हणला, बैठो बहन, मैं वहींच जारा. दारावर ढळढळीत लिहिलेलं, सवारी बसवायची मनाई हाय म्हणून. मी वाचलं. वाचून बसले. नंतर रोजच बसायला लागले. तो रस्ताभर एक शब्द बोलायचा न्हाई, शहर आलं की नाक्याच्या अलीकडं उतरवायचा, म्हणायचा, संभाल के. सख्खा भाऊ एवढं करत न्हाई.

आता पाण्याचं सांगते. टँकर गावच्या हिरीत रिकामा व्हायचा, आन गावच्या बाया आधी शेंदायच्या. आमी वस्तीच्या बाया कडंला घागरी घेऊन उभ्या. आमची पाळी येईस्तोवर तळाचा गाळ. कुणी आमाला हाकलत न्हवतं, कायदा हाय ना, नुसतं म्हणायचे, थांबा की जरा, तुमाला काय घाई. हे मी एकदा गाडीत बोलून गेले. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला टँकर आधी आमच्या वस्तीत. रहीमभाईनं पाईप खाली सोडला, म्हणला, ड्रम लाव. पयला ड्रम माझा भरला, मग सगळ्यांचे, आन उरलेला टँकर नेऊन गावच्या हिरीत सोडला. सरकारचा नेम असा व्हता की पाणी सगळं हिरीतच सोडायचं, कुणाच्या भांड्यात घालायचं न्हाई. तो त्यानं मोडला. आमच्यासाठी मोडला, आन मग रोजच. माझ्या सासूनं त्या दिवशी नातींना न्हाऊ घातलं, किती दिवसांनी, आन दोघी उघड्याच वस्तीभर हुंदडल्या.

सरपंचाला ते कळलंच. तो चार दिवस रहीमभाईच्या वहीवर सही करंना. पाणी गावाला मिळालं म्हणून सरपंचाची सही लागायची त्या वहीवर. आन वर तहसिलीत कळवलं, टँकर अर्धाच येतो, ड्रायवर वाटंत पाणी इकतो. लातुरात बांधकामाला पाणी इकणारे लई व्हते, मोठ्या गुत्तेदारांचे टँकर दिवसाढवळ्या इकायचे, त्यांना कोण धरणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं.

एक दिवस सकाळी नाक्याच्या बऱ्याच अलीकडं जीप आडवी. फौजदार आन एक जमादार. मला वाटलं माझ्यासाठीच, सवारी बसली म्हणून. त्यांनी रहीमभाईला खाली वढलं, टाकी ठोकून बघितली, वही बघितली, चार दिवसाच्या सह्या न्हाईत. फौजदार म्हणला, पाणी कुठं ओतलं. रहीमभाई म्हणला, गाव में डाला साहब. गावात कुठं, सरपंच तर न्हाई म्हणतो. रहीमभाई गप. त्यानं वस्तीचं नाव घेतलं असतं तर पाणी भांड्यात घातल्याचा गुन्हा कबूल झाला असता, आन उद्यापासून आमच्या ड्रमात थेंब पडला नसता, हे त्याला कळत व्हतं. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं म्हणजे काय, की बहन, आता तू काय बोलायचं ते बोल.

जमादार माझ्याकडं आला. कोण गं तू. मी म्हणलं, मोठ्या हापिसात पाणी भरते. आसं, म्हणला, सरकारी बाई, आन परक्या गड्यासंगं केबिनात. काय लिहू? रोजचं हाय का हे? कुठनं बसतीस? आन त्यानं हसून फौजदाराकडं बघितलं. माझ्या डोळ्यापुढं मोठा कारकून आला, ते सुरईवाले आले, तिसरी रेघ आली, दोन पोरी आल्या. मी म्हणलं,

"आजच बसले साहेब. फाट्यावर चढले. त्याच्या आधीचं मला काय ठावं न्हाई."

झालं. एवढंच. लई मोठी लबाडी न्हाई बघा, असली लबाडी माणूस कंडक्टरजवळ रोज करतं, अलीकडनं चढले म्हणून. पर त्या सकाळी पाईप धरून मी उभी व्हते. माझ्या लुगड्याचा काठ अजून ओला व्हता. रहीमभाईनं मान खाली घातली, मला खोटं पाडलं न्हाई.

मग फौजदार म्हणला, बाई, तुझं काम सोपं करू, तू पंच व्हय. सवारी म्हणून नाव न्हाई घालत, पंच म्हणून घालतो, रस्त्यानं जात व्हती, बोलावून घेतली. नंतर कळलं मला, सरकारी नोकरीतला पंच त्यांना हवाच असतो, तो मागनं फिरत न्हाई, फिरला तर नोकरी जाती. दुसरा पंच म्हणून पलीकडचा चहावाला आणला. जमादारानं जीपच्या बोनेटवर कागद लिहिला, लांबलचक. चहावाल्यानं अंगठा दिला. मला म्हणला, सही येती का. मी म्हणलं, येती. तवाबी बघा, मेली ती चौथी, गुमानानं म्हणलं, येती. कागदात काय लिहिलंय ते मी वाचलं न्हाई. मला वाचता येत व्हतं. वेळबी व्हता, नऊच वाजले व्हते. वाचलं असतं तर सही करता आली नसती, म्हणून वाचलं न्हाई. सही केली, आन जमादारानं त्याच जीपमधनं मला हापिसाजवळ सोडलं. रहीमभाई टँकरच्या चाकाला टेकून खाली बसला व्हता. त्या दिवशी मी दहाच्या आधी अर्धा घंटा पोचले.

टँकर बंद झाला, मग दुसरा ड्रायवर आला, तो नेमानं सगळं पाणी हिरीत सोडायचा. आमाला परत गाळ. वस्तीतल्या बाया मला इचारायच्या, शेवंता, तू तर त्याच्याच गाडीत व्हतीस, काय झालं गं. मी सांगायची, मला आधीच उतरवलं, मला काय ठावं. एकीला एक, दुसरीला दुसरं. खाल्ल्या घरचे वासे मोजले मी, आन मोजून पुन्हा त्याच वस्तीत तोंड वर करून फिरले.

साल दीड सालानं कोर्टाचा कागद आला. तवा माझं नाव वर गेलेलं, कायमची आर्डर निघायची बाकी. मोठ्या कारकुनानं बोलावून सांगितलं, बाई, तिथं जाऊन जास्त बोलू नका, सही माझी हाय म्हणा आन या, पंच फितूर झाला तर चौकशी लागते. तो वाईट सांगत न्हवता, त्याला माझी काळजीच व्हती. कोर्टात रहीमभाई उभा, दाढी सगळी पांढरी झालेली, मागं त्याची बायको बुरख्यात, कडंवर लेकरू. वकिलानं कागद वाचला तवा मला पयल्यांदा कळलं मी कशावर सही केली. पाणी वाटंत इकल्याचं ड्रायवरनं आमच्या समक्ष कबूल केलं, असं लिहिलेलं. त्यानं आसं कायबी कबूल केलं न्हवतं हो. जज्ज म्हणले, बाई, हे तुमच्या समोर झालं का. चांगला म्हातारा माणूस व्हता, त्यानं दोनदा इचारलं. दुसऱ्यांदा इचारलं तवा मला वाटलं, आता बोलावं. आन मी म्हणलं, व्हय साहेब, सही माझीच हाय.

रहीमभाईला थोडीच सजा झाली, पर नोकरी गेली ती गेली. मी कायम झाले. त्याच महिन्यात. हापिसात पेढे वाटले, सुरईवाल्यांनीबी घेतले.

लोक म्हणतात पोलीस वाईट. असतील. पर मला कुणी मारलं न्हाई, कोंडलं न्हाई, शिवी दिली न्हाई. नुसतं भ्यायला लावलं, बाकीचं सगळं मी केलं.

एकदा गेले व्हते उदगीरला. थोरलीच्या लग्नाची खरेदी व्हती, इचारत इचारत त्याच्या गल्लीत गेले. तो सायकलीचे पंचर काढत बसला व्हता. मला वळखलं. म्हणला, आओ बहन, आन बायकोला आत हाक मारली, चाय रख. मी बसले. शेवटी म्हणलं, रहीमभाई, माझं चुकलं. तो टायर पाण्यात दाबून बुडबुडे बघत व्हता, वर न बघता म्हणला,

"बेटियाँ अच्छी हैं ना? बस."

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिथंच मोकळी झाले असते. आतनं त्याची बायको चहा घेऊन आली आन तिनं मला वळखलं. तिनं कप माझ्यापुढं ठेवला न्हाई, हातातच धरून उभी राहिली. बरोबर केलं तिनं. मी उठून आले. पुढं दोन सालानं तो गेला म्हणून कळलं, मयतीला गेले न्हाई मी. कोणत्या तोंडानं जाणार.

आता मला पेन्शन हाय. थोरली नांदेडला मास्तरीण हाय, धाकटी दवाखान्यात नर्स. वस्तीत नळ आला. मागल्या वर्षी वस्तीच्या पोरांनी माझा सत्कार केला, वस्तीतली पयली सरकारी नोकरदार बाई म्हणून शाल घातली, आन म्हणले, शेवंताआई, तुम्ही नोकरी कशी मिळवली ते पोरींना सांगा. मी म्हणलं, शिका, मेहनत करा, कुणाला भिऊ नका. लई टाळ्या वाजवल्या त्यांनी. समोर बसलेल्यातल्या अर्ध्या बाया त्याच ड्रमातलं पाणी पिऊन वाढलेल्या. एकीलाबी त्याचं नाव ठावं न्हाई, आन मी मायकावर उभी राहून तेबी सांगितलं न्हाई.

तुम्ही लेकरासारखे आहात, इतकं बसून ऐकलं, तुमचं चांगलं व्होवो. माझं काय, लिहा की नगा लिहू. पर त्याचं लिहा. शेख रहीम, राहणार उदगीर, टँकर ड्रायवर. त्यानं पाणी इकलं न्हाई. आमच्या वस्तीला दिलं. मी तिथं व्हते, मी बघितलं.