जेवणावरून उठणारा माणूस

लेलंड : ‘बरा आहे’ म्हणालास? तपासणीला सरकारी डॉक्टरनं विचारलं, पोटाचं कसं काय, आणि तू म्हणालास, ‘बरा आहे, सर’?

व्हर्लिन : मग काय, रडायचं होतं त्याच्यासमोर? कालचं पोरगं ते. गळ्यात टाय, हात लोण्यासारखे.

डार्ला : दाढी करून, बूट चमकवून गेला होता, लेलंड. आणि का कुणास ठाऊक, आदल्या दिवसापासून उपाशी.

लेलंड : वा, सार्जंट! परेडलाच निघाला होतास म्हणायचा. आता भरपाईच्या अर्जावर सरकारचं ‘नामंजूर’ हातात पडल्यावर माझी आठवण झाली. या माजी सैनिकांच्या हॉलच्या बारमध्ये बसून मला काय म्हणायचास, ते सांगितलंस का कधी बायकोला?

व्हर्लिन : भिकारी म्हणायचो. आजही म्हणतो. सैन्यात एक गुडघा काय दुखावला, जन्मभर सरकारच्या दारात उभा.

लेलंड : त्या गुडघ्याचे अर्ज करता करताच हे काम शिकलो. म्हणून तर गावातल्या माजी सैनिकांचे अर्ज मी भरतो, आणि तू माझ्यापुढे टोपी काढून बसलायस.

व्हर्लिन : टोपी डोक्यावर आहे माझ्या.

डार्ला : तू गप्प बस. लेलंड, याची ट्रकवरची नोकरी गेली. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पगारात दोघांचं भागत नाही. तुमची भांडणं नंतर.

लेलंड : बरं. हे बघ, तुझी पाठ सैन्यात मोडली, हे सरकारनं कधीच मान्य केलंय. त्या पाठीसाठी तीस वर्षं गोळ्या खाल्ल्यास—

व्हर्लिन : खाणार नाही तर काय? सैन्यात काहीही होऊ दे, गोळी एकच. डोकं दुखलं, घे गोळी. पाय मुरगळला, घे गोळी आणि मोजे बदल.

लेलंड : त्याच गोळ्यांनी पोट जाळलं. म्हणजे पहिल्या दुखण्याच्या पोटी दुसरं, त्याचीही भरपाई सरकारनंच द्यायची. एवढं तुझा डॉक्टर लिहून देईल. पण त्रास किती होतो, ते डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पाहिजे. तू काय पाहिलंस, डार्ला?

डार्ला : मी? हा माणूस जेवणावरून उठतो, एवढंच पाहिलं. चर्चच्या जेवणात पाद्र्याला म्हणाला, तुमच्या माशाला साबणाची चव आहे, आणि चालता झाला. माझ्या बहिणीकडे बटाट्यांवरून भांडला, चालता झाला. घरी गॅरेजमध्ये उभ्यानं खातो. का, तर म्हणे माझ्या टीव्हीचा आवाज सहन होत नाही. हे लिहू? उर्मटपणाला काही मिळतं का सरकारकडून?

लेलंड : मिळत असतं, तर हा गावातला सगळ्यात मोठा असामी झाला असता. चल, मी डॉक्टर. सांगा, जेवल्यावर काय होतं?

व्हर्लिन : काही नाही. थोडी जळजळ.

लेलंड : ताकाला आलायस आणि भांडं लपवतोस, गाढवा! पुन्हा सांग. जेवल्यावर काय होतं?

व्हर्लिन : वर येतं.

लेलंड : लगेच?

व्हर्लिन : चार-पाच घासांनंतर. कधी तेवढेही नाही, नुसत्या वासानं. आधी कळतं. मग उठावंच लागतं.

डार्ला : मग उठायचं की सरळ! भांडण कशाला उकरायचं?

व्हर्लिन : सरळ उठलं की लोक मागे येतात. ‘काय झालं, व्हर्लिन? बरं नाही का?’ शिवी घालून उठलं की कुणी येत नाही.



डार्ला : चर्चमध्ये?

व्हर्लिन : हो.

डार्ला : बहिणीकडे?

व्हर्लिन : हो म्हटलं ना.

डार्ला : आणि आपल्या ब्रिटाच्या लग्नात? लेलंड, तुला माहीत नाही. पोरीचा सासरा, ओरिन, रात्रभर जागला होता. अख्खं डुक्कर धुरावर भाजलं त्यानं, कुणाला हात लावू दिला नाही. आणि हा सगळ्या मांडवासमोर म्हणाला, असलं मांस आम्ही वाळवंटात कुत्र्यांना टाकायचो. चार वर्षं झाली, पोरगी बापाशी बोलत नाही. नात झाली, तिचं तोंड यानं माझ्या फोनवर पाहिलंय. बोल, तेव्हाही?

व्हर्लिन : तेव्हाही.

डार्ला : नाचता येईना, अंगण वाकडं! आणि मी चार वर्षं पोरीची समजूत घालतेय, बाप तुझा दगड आहे, सोडून दे. लाज वाटते मला तुझी, व्हर्लिन. आजारी आहेस म्हणून नाही. मला सांगितलं नाहीस म्हणून.

लेलंड : त्या दिवशी कुणी पाहिलं तुला?

व्हर्लिन : ओरिननं.

डार्ला : काय?

व्हर्लिन : कोठाराच्या मागे. गुडघ्यांवर होतो. रक्तही पडलं. तो माझ्या मागोमाग आला, बहुधा मारायलाच. मग पाणी घेऊन आला. मी उठेपर्यंत थांबला. मी म्हटलं, कुणाजवळ बोललास तर दात घशात घालीन.

डार्ला : आणि तो बोलला नाही? ब्रिटाजवळसुद्धा?

व्हर्लिन : मूर्ख आहे. शब्द पाळत बसलाय.

लेलंड : त्याचीच साक्ष पाहिजे. ज्याची तू गावासमोर अब्रू काढलीस, तो तुझ्यासाठी खोटं बोलेल, असं सरकारलासुद्धा वाटायचं नाही.

व्हर्लिन : त्याच्यापुढे हात पसरू? फाड तो अर्ज.

लेलंड : फाडतो. माझ्या बापाचं काय जातंय?

डार्ला : कुणी काही फाडायचं नाही. ओरिनला फोन लागलाय.

व्हर्लिन : ठेव तो, डार्ला. काय बोलू मी त्याच्याशी?

डार्ला : साक्ष नंतर माग. आधी त्या जेवणाचं बोल. चांगलं झालं होतं म्हण. चार वर्षं वाट बघतोय तो माणूस.

व्हर्लिन : कसं म्हणू? मी चाखलंच नव्हतं.