सारजाचं पाणी

वहाणा तिकडंच ऱ्हाऊ द्या, साहेब, पानमळ्यात अनवाणी शिरायचं असतं — व्हय, आता बघा. पानं कडंनं कशी करपल्यात, आन् बुडाला मातीवर पांढरं फूल आलंय, राख सांडल्यागत. संभाजीनं, माज्या धाकट्या भावानं, तुमाला शेतकी खात्यातनं बोलावून आणलं, चांगलंच केलं. पण मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. ह्या निमगावात कुणालाबी इचारा, गेणबाच्या, म्हंजी माज्या, विहिरीचं पाणी कशानं जड झालं — सारजामुळं म्हणतील. सारजा म्हंजी माजी बायकू.

विहिरीच्या त्या पायरीवर बसू नगा, हिकडं बांधावर बसा. त्याच पायरीवरनं घसरली ती, घागर भरताना. मी मळ्यात वेल बांधत व्हतो, हाकंच्या अंतरावर, आन् मला कायबी ऐकू आलं न्हाय. मग रिवाजापरमाणं विहीर उपसली — माणूस बुडालं की समदं पाणी उपसून टाकायचं, नवं येऊ द्यायचं, तवर कुणी त्याला शिवत न्हाय. बैलं मोटंला जुंपली, तळ दिसला, तवा जाणती माणसं म्हणली, कोरडी झालीच हाय तर खालीबी घ्या, नवा झरा लागू द्या, जुन्यातला थेंब नगं. सुरुंग लावला. झरा लागला, चांगला मनगटाएवढा. पर पाणी आलं ते असं. वेल करपाया लागलं, साबणाला फेस येईना, आन् डाळ — डाळ शिजंना, साहेब. दिसभर चुलीवर ठिवली तरी दाणा दाणा. मग मी काय समजायचं? सारजा माज्यावर रुसली की अशीच डाळ वाढायची, मुद्दाम कच्ची. तोंडानं बोलायची न्हाय, डाळ ताटात वाजायची. मग मी हसायचो, आन् ती पदराआड हसायची. ती गेल्यावर पहिल्यांदा तसली डाळ दाताखाली आली, तवा मी ताटावरच हसलो. भावजय भ्याली. मला भ्या न्हाय वाटलं. म्हणलं, हाय, हितंच हाय, पाण्यात रुसून बसलीय.

तवापासनं बोलतो मी तिच्याशी. सांजंला मोट सोडली की काठावर बसायचं, दिसभरात काय झालं ते सांगायचं — न्हाय, आवाज न्हाय येत, येडा न्हाय मी. पर हंड्याला आतनं पांढरा थर धरतोय नव्हं, तो घासाया भावजय निघाली, तर मी तिच्या हातातनं हंडा हिसकून घेतला. आजपतुर घासू दिला न्हाय.

आन् तुमी आलात. पानाला चुना खाणारा लावतो, तुमी मुळालाच पाजाया निघालात. काल रांजणात चुन्याची निवळी घातलीत, ढवळलंत, झाकून ठिवलंत. इचारलंत, विहीर खाली कवा घेतली? म्हणलं, ती गेली तवा. तुमी म्हणालात, वरचं पाणी पाटाचं झिरपून येत व्हतं, गोडं, आन् खालच्या खडकात चुनखडी हाय, तिचा झरा फोडलात. एवढंच म्हणालात, आन् हात धुवून जेवाया बसलात. आज सकाळी बघतो तर चुन्यानं पाण्यातला चुनाच तळाला बसवल्याला, आन् वरच्या नितळ पाण्यात भावजयीनं डाळ टाकली — शिजली. लोण्यागत शिजली. घरात समदी खूश झाली. मी ताट सारून उठलो.

कारण मग — तुमी शिकल्याली माणसं, सांगा की — चुनखडीच व्हती तर ती तितं नव्हतीच. मग मी सांजचं कुणाशी बोलत व्हतो? आन् ती कुठं हाय? मान खाली घालू नगा, तुमचा काय दोष. दुसऱ्यांदा बुडाली, एवढंच वाटलं मला.

खरं सांगू, पाणी निवळायचा तो हौद बांधू नगा असं म्हणाया आलो व्हतो. जळू द्या वेल, म्हणणार व्हतो. पर ह्या वेलांचं बेणं तिनंच आणलंय, कळंबावनं, म्हायेरनं — वल्ल्या फडक्यात गुंडाळून डोईवरनं, आन् वाटंनं फडकं वाळू दिलं न्हाय. हे जळालं तर तिच्या हाताचं काय ऱ्हायलं मळ्यात? आन् पाणी बदललं तर माजं काय ऱ्हायलं? सकाळपासनं ह्येच चाललंय डोक्यात.

बांधा. हौद बांधा, चुना टाका, वेल जगवा. फकस्त आज नगं, उद्या हात लावा. आज मला तिला सांगाया पायजे. व्हय, नसंल ती, तुमचं पटलंय मला, पर सांगितल्याबिगर कसं करायचं — न्हाय, न्हाय, तुमी संगं नगा येऊ. उडी न्हाय टाकायचा मी, भिऊ नगा. घराकडं चला तुमी. परक्या माणसाम्होरं ती बोलायची न्हाय.